रिमोट मी पुसला होता

मागचे दोन आठवडे ही जागा रिकामी होती, त्याबद्दल सॉरी. मेल्स आल्या. एकीने तर लिहिलं, 'बालीला गेलीस ना? फोटो टाक!' बाली कसली... मी पुण्यातल्याच एका हॉस्पिटलच्या चौथ्या मजल्यावर होते. मला काही झालं नव्हतं, आईचा उजवा गुडघा बदलायचा होता. आपल्याकडे हल्ली मुंज, लग्न, साठीशांत आणि मग नी रिप्लेसमेंट असा क्रमच ठरलाय. बिल्डिंगमधल्या चार काकूंचं झालंय, आईचंच राहिलं होतं. ऑपरेशन एकदम सही झालं. पुढचं मात्र नाही.

हॉस्पिटलचं नाव विचारू नका. नवीन आहे, काचेचं आहे, लॉबीत पियानो आहे (वाजवणारा कधी दिसला नाही), खालच्या कॅफेत बऱ्यापैकी कॅपुचिनो मिळते आणि प्रत्येक लिफ्टशेजारी सॅनिटायझर लावलेलं आहे. मेडिक्लेममध्ये बसेल अशी 'ट्विन शेअरिंग' रूम घेतली. म्हणजे दोन बेड, मधे पडदा, एक टीव्ही, एक रिमोट. पडद्यापलीकडे एक आजी होत्या, सत्तरीच्या पुढच्या, खुब्याचं हाड मोडलेल्या. सोबतीला त्यांची मुलगी. आमच्या बाजूने मी.

आता, स्वच्छतेच्या बाबतीत मी २०२० च्या बॅचची टॉपर आहे. आठवतंय ना ते वर्ष? दुधाच्या पिशव्या साबणाने धुवून दोरीला लटकवल्या होत्या मी. भाजी सोड्याच्या पाण्यात, पेपर दुपारपर्यंत उन्हात, आणि कुरिअरवाल्याने आणलेला खोका चोवीस तास जिन्यात 'क्वारंटाइन'. त्यामुळे आईच्या बॅगेत गाऊन आणि जपमाळ, आणि माझ्या बॅगेत वाइप्सची तीन पाकिटं आणि एक स्प्रे. रूममध्ये शिरल्या शिरल्या बेडचा कठडा पुसला, बटणं पुसली, जेवणाचं सरकतं टेबल पुसलं, सलाइनचा स्टँड, दाराची मूठ, नर्सला बोलवायची घंटा. आई लाजली. 'अगं, त्या मावशी आत्ताच पुसून गेल्यात, त्यांना काय वाटेल?' आजींच्या मुलीने पडदा बाजूला करून हसत विचारलं, 'आमच्या बाजूचंही पुसता का?' तेही पुसलं. आणि रिमोट... तो दिवसातून चारदा.

एक गोष्ट मधेच सांगून टाकते. रविवारी, ऑपरेशनच्या आदल्या दिवशी, माझा घसा थोडा खवखवत होता. ताप नाही, खोकला नाही. ऑफिसात एसीच्या बरोब्बर खाली बसते, त्यामुळे हे नेहमीचंच. एक गोळी घेतली, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या केल्या आणि विसरले.

सोमवारी ऑपरेशन झालं. मंगळवारी संध्याकाळी भेटायची मंडळी आली. भेटायला जाणं हा आपल्याकडे कसा सोहळा असतो, माहितीये ना? मामा दोन शहाळी घेऊन आला, बरोबर त्याचा कायमचा खोकला. काकूने डब्यात थालिपीठं आणली, जी आईला चालणार नव्हती आणि मला चालली. दोन आत्या आल्या, बाबांच्या ऑफिसातले दोन रिटायर्ड मित्र आले. 'एका वेळी एकच' असं दारावर लिहिलेलं होतं, पण सिक्युरिटीवाल्याला मामाने कुठल्यातरी गावाकडच्या ओळखीत पटवलं. पडद्यापलीकडे आजींचं गोकुळ वेगळंच. मोजलं नाही, पण तेवढ्याशा खोलीत डझनभर माणसं असतील. सगळ्यांनी दारात सॅनिटायझर लावला. मीच लावायला लावला. एसी बावीसवर होता, दार लावलेलं होतं, खिडकीची काच चकाचक होती आणि सगळेजण मनसोक्त बोलत होते.

गुरुवारी पहाटे आईला ताप भरला.

बदललेल्या गुडघ्याच्या पेशंटला ताप आला की पहिली शंका टाक्यांची येते. नव्या सांध्यात जंतू शिरले तर सगळं परत उघडावं लागतं. डॉक्टरांचे चेहरे बघून माझ्या पोटात गोळा. रक्त तपासलं, जखम तपासली, सगळं ठीक. मग दुपारी ती खोकायला लागली, शुगर तीनशेच्या वर गेली, संध्याकाळी ऑक्सिजन ९१ दिसायला लागला. नाकातला स्वॉब घेतला. इन्फ्लुएन्झा ए. आपला साधा फ्लू! मला तर आधी हायसंच वाटलं, इतकी मी मठ्ठ. चौसष्ट वर्षांची, डायबेटिस असलेली, नुकत्याच ऑपरेशनमधून उठलेली बाई आणि तिला 'साधा' फ्लू. तिला लगेच ऑसेल्टामिविर सुरू केलं आणि स्वतंत्र खोलीत हलवलं.

शुक्रवारी आजींना ताप आला. शनिवारी सकाळी त्या आयसीयूत होत्या.

शुक्रवारीच हॉस्पिटलची इन्फेक्शन कंट्रोल नर्स रजिस्टर घेऊन आली होती. अशी पोस्ट असते हेही मला माहीत नव्हतं. शांत बाई. कोण कधी भेटायला आलं, कोणाला सर्दी-पडसं होतं, सगळं टिपून घेतलं. मी म्हणाले, 'मामा खोकत होता.' ते खरंच होतं. 'आणि तुम्हाला? गेल्या आठवड्यात काही?' 'नाही,' मी म्हटलं. तिने लिहून घेतलं.

त्या रात्री कॉरिडॉरमधल्या स्टीलच्या खुर्चीत बसून मी फोनवर वाचायला लागले. झोप येणार नव्हतीच. आणि वाचता वाचता माझ्या वाइप्सच्या पाकिटांकडे बघवेना.

तसं पुसणं अगदीच येडेपणाचं नाही बरं का. फ्लूचा विषाणू स्टील किंवा प्लॅस्टिकवर चोवीस ते अठ्ठेचाळीस तास तग धरतो, कापडावर आणि कागदावर त्याहून बराच कमी, हे १९८२ सालीच लॅबमध्ये मोजलेलं आहे. कोविडचा विषाणू प्लॅस्टिकवर तीन दिवसांपर्यंत सापडला, ती बातमी २०२० च्या मार्चमध्ये आली आणि आपण सगळे दुधाच्या पिशव्या धुवायला लागलो. त्याच महिन्यात सिंगापूरच्या डॉक्टरांनी एका पेशंटची खोली साफसफाईच्या आधी तपासली. पंधरापैकी तेरा जागी विषाणूचे अंश सापडले. वुहानच्या एका हॉस्पिटलात आयसीयूत काम करणाऱ्यांपैकी निम्म्यांच्या बुटांच्या तळाला ते होते, आणि जिथे एकही पेशंट जात नाही त्या औषधांच्या विभागाच्या जमिनीवरही. म्हणजे बुटांबरोबर फिरत फिरत गेले.

पण सिंगापूरच्या त्याच अभ्यासात दोन गोष्टी होत्या, ज्या मी २०२० मध्ये वाचल्याच नव्हत्या. एक, ज्या खोल्या नेहमीसारख्या पुसून झाल्यावर तपासल्या, तिथे काहीच सापडलं नाही. म्हणजे हॉस्पिटलच्या मावशींचं फडकं पुरेसं होतं, माझ्या स्प्रेची गरज नव्हती. आणि दोन, न पुसलेल्या खोलीत जिथे विषाणू सापडला त्यातली एक जागा हवा बाहेर खेचणाऱ्या पंख्याची होती. आता पंख्याला काही कोणी हात लावत नाही. तिथपर्यंत तो गेला कसा? हवेतून.

हे जे सापडतात ते 'अंश' असतात, जिवंत विषाणू असतीलच असं नाही. आरोपीचा फोटो आणि आरोपी यात जेवढा फरक, तेवढा. एप्रिल २०२१ मध्ये अमेरिकेच्या सीडीसीने हिशोब मांडला, की विषाणू असलेल्या पृष्ठभागाला एकदा हात लागला तर त्यातून कोविड होण्याची शक्यता दहा हजारात एकाहून कमी. आपण तोपर्यंत किती लिटर सॅनिटायझर संपवला होता! आणि जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२० मध्ये 'कोविड हवेतून पसरत नाही' असं ठणकावून ट्वीट केलं होतं, ते त्यांना २०२१ मध्ये गुपचूप बदलावं लागलं. रागवावं तरी कोणावर, मी तर तेव्हा ते ट्वीट फॅमिली ग्रुपवर फॉरवर्ड केलं होतं.

(सॅनिटायझरबद्दल एक जाता जाता. नोरोव्हायरस नावाचा उलट्या-जुलाबांचा विषाणू आहे, हॉस्पिटलात एकदा शिरला की वॉर्डच्या वॉर्ड आडवे करतो. तो हात आणि वस्तूंवरून मस्त पसरतो, आणि अल्कोहोलला फारशी दाद देत नाही. तिथे साबण आणि वाहतं पाणीच लागतं. तेव्हा हात धुवा. धुवाच. मी फक्त एवढंच म्हणतेय की तेवढ्यावर थांबू नका.)

बरं, हवेतून पसरतं हे काय कोविडनंतरच कळलं? तर नाही! हे वाचून मी खुर्चीत ताठ बसले. १९५७ साली एशियन फ्लूची साथ आली तेव्हा कॅलिफोर्नियात लिव्हरमोर इथे माजी सैनिकांचं एक हॉस्पिटल होतं, टीबीच्या पेशंटचं. योगायोगाने त्यातल्या एका इमारतीत छताजवळ अल्ट्राव्हायोलेट दिवे बसवलेले होते, वरच्या हवेतले जंतू मारायला. बाकी सगळं तेच, माणसं तशीच, जेवण तसंच. दिवे नसलेल्या भागात १९ टक्के पेशंटना फ्लू झाला. दिवे असलेल्या भागात २ टक्के. दिव्यांनी कोणाचा रिमोट पुसला नव्हता. फक्त हवा साफ केली होती. इतकी जुनी गोष्ट, आणि मी मात्र कठडे घासत बसले होते.

मग अमेरिकेतलाच २०१३ चा एक अभ्यास. फ्लूच्या ६१ पेशंटच्या आसपासची हवा तपासली. २६ जणांच्या भोवती विषाणू होता, आणि त्यातले पाचजण इतरांच्या ३२ पटीपर्यंत जास्त सोडत होते. कोण जास्त सोडतंय हे बघून ओळखता येत नाही. २०१८ मध्ये मेरिलँड विद्यापीठाने तर माणसांना नुसतं एका शंकूत तोंड घालून अर्धा तास श्वास घ्यायला लावला. जिवंत विषाणू बाहेर पडायला खोकावं लागत नाही, शिंकावं लागत नाही. नुसता श्वास पुरतो.

खोकावं लागत नाही. हे वाक्य मी तीनदा वाचलं.

आपल्याकडचंही सापडलं. हैदराबादच्या सीसीएमबी आणि चंदीगडच्या इमटेक या संस्थांनी कोविडकाळात हैदराबाद आणि मोहालीच्या हॉस्पिटलांची हवा तपासली. खोलीत दोन किंवा जास्त पेशंट असतील तर चारपैकी तीन नमुन्यांत विषाणू मिळाला, एकच किंवा एकही नसेल तर सहापैकी जेमतेम एकात. आणि २०१८ मध्ये कोळिकोडला निपाह आला तेव्हा मेडिकल कॉलेजमध्ये बरेचजण कुठे सापडले होते? स्कॅनसाठी थांबतात त्या कॉरिडॉरमध्ये. तिथे एक खोकणारा पेशंट होता आणि बाकीचे आपापल्या कामासाठी नंबर लावून बसले होते. मी ज्या खुर्चीत बसून हे वाचत होते, ती सीटी स्कॅनच्या दारापासून वीस पावलांवर होती.

पण मला सगळ्यात लागलं ते कोरियाचं. २०१५ च्या मे महिन्यात सोलच्या एका मोठ्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सी विभागात मर्स झालेला एक माणूस जवळजवळ तीन दिवस होता. त्याला मर्स आहे हे कोणाला माहीत नव्हतं. त्याच्यापासून तिथे ८२ जणांना लागण झाली. त्यातले ३३ पेशंट, ८ कर्मचारी आणि बाकीचे ४१ कोण? भेटायला आणि सोबतीला आलेले लोक. निम्मे! कोरियातही आपल्यासारखंच असतं, पेशंटची उशापायथ्याची कामं घरचे करतात आणि कोणी आजारी पडलं की बघायला जाणं हे कर्तव्य असतं. त्या साथीत देशभरात १८६ जणांना मर्स झाला, ३८ गेले. त्यानंतर तिथल्या हॉस्पिटलांनी भेटायच्या वेळा आवळल्या, दारं बसवली. इकडे आमच्या दारावर 'एका वेळी एकच' लिहिलेलं होतं आणि आत मामा शहाळं सोलत होता.

रविवारी माझा कॉलेजचा मित्र आला. खालीच भेटला, वर आला नाही, शहाणा आहे. तो हिंजवडीत एका कंपनीत फॅसिलिटीचं बघतो. म्हणजे एसी, लिफ्ट, टॉयलेटचे टिश्यू, सगळं. त्याला हे सगळं सांगितलं तर म्हणाला, 'फंडा सोपा आहे. तुझ्या रूममध्ये बाहेरची हवा कुठून येते?' मी म्हटलं, एसी आहे ना. तो हसला. 'स्प्लिट एसी खोलीतलीच हवा आत ओढतो, गार करतो आणि परत तुझ्याच तोंडावर सोडतो. बाहेरची हवा तो आणत नाही.' दहा वर्षं मी एसी ऑफिसात काढली आणि एसी ताजी हवा देतो असं समजत होते. तुम्हीही समजत असाल, खोटं बोलू नका.

त्याने खिशातून डबीएवढं मीटर काढलं. कार्बन डायऑक्साइड मोजणारं. बाहेरच्या हवेत तो साधारण ४२० असतो, दहा लाखात. आपल्या उच्छ्वासात त्याच्या शंभरपट. त्यामुळे खोलीत आकडा चढला की समजायचं, आपण एकमेकांनी सोडलेली हवाच पुन्हा ओढतोय. विषाणू आहे की नाही ते मीटर सांगत नाही, पण असेल तर पार्टी जोरात चाललीय एवढं कळतं. ते घेऊन मी भेटायच्या वेळेत आमच्या जुन्या मजल्यावर गेले. एका ट्विन शेअरिंगमध्ये नवे पेशंट, नवे मामा, नवी थालिपीठं. दारातूनच आकडा बघितला, दीड हजाराच्या पुढे. लॉबीत, पियानोपाशी, सहाशे होता. तिथे छत तीन मजले उंच आहे आणि दार सारखं उघडतं. म्हणजे सगळ्यात चांगली हवा पियानोला!

ऑपरेशन थिएटरमध्ये असं नसतं हं. तिथे तासाला वीस-एक वेळा खोलीतली सगळी हवा बदलावी लागते, फिल्टर लागतात. हवेतून पसरणाऱ्या रोगांच्या खास खोलीत तासाला बारा वेळा, आणि हवा कॉरिडॉरमध्ये न येता परस्पर बाहेर जाईल असा दाब ठेवावा लागतो. म्हणजे विद्या आहे, यंत्रं आहेत. फक्त ती आईच्या दोन तासांसाठी होती. उरलेले चार दिवस तिने ज्या खोलीत काढले तिथे हवा कोणाच्या हिशोबातच नव्हती. वॉलपेपर होता, छान होता.

माझे आजोबा एका जुन्या सरकारी हॉस्पिटलात होते, मी शाळेत असताना. वीस-पंचवीस खाटांचा जनरल वॉर्ड, उंचच उंच छत, दोन्ही बाजूंना माणसाहून मोठ्या खिडक्या, त्यात कबुतरं. मला तिथे जायची लाज वाटायची. आता वाचलं की २००७ मध्ये पेरूची राजधानी लिमा इथे आठ हॉस्पिटलांमध्ये नेमकं हेच मोजलं होतं. टीबीच्या संदर्भात, पण हवेचं गणित तेच. १९५० च्या आधी बांधलेल्या, उंच छतांच्या, मोठ्या खिडक्यांच्या वॉर्डांत सगळं उघडं टाकलं की तासाला चाळीस वेळा हवा बदलत होती. नव्या इमारतींत खिडक्या उघडूनही सतरा वेळा. आणि यंत्राने हवा खेळवणाऱ्या महागड्या खोल्यांत बारा वेळा. ते असे वॉर्ड बांधायचे कारण त्या काळच्या लोकांना वाटायचं, रोग घाण वासाच्या हवेने होतात. फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंच्या १८५९ च्या नर्सिंगच्या पुस्तकात पहिला नियम हाच आहे, की पेशंटला गारठू न देता त्याच्या खोलीतली हवा बाहेरच्या हवेइतकी शुद्ध ठेवा. थिअरी चुकीची होती, खिडकी बरोबर होती.

अर्थात खिडकी म्हणजे जादूची कांडी नाही. १९७० साली जर्मनीत मेशेडे गावच्या हॉस्पिटलात पाकिस्तानातून परतलेला एक तरुण वेगळ्या खोलीत ठेवला होता, आधी टायफॉइड समजून. निघाली देवी. तो खोलीबाहेर पडला नाही, तरी वरच्या मजल्यांवरच्या लोकांसकट डझनाहून जास्त जणांना लागण झाली. मग तज्ज्ञांनी त्याच्या खोलीत धूर सोडून बघितला. धूर जिन्याने वर गेला, आणि त्याच्या अर्धवट उघड्या खिडकीतून भिंतीला लागून चढत वरच्या खोल्यांच्या खिडक्यांतून आत शिरला. हवा कुठून येते एवढंच नाही, जाते कुठे हेही कोणीतरी बघायला लागतं.

तर सोमवारी मी मेंटेनन्सच्या माणसाला विचारलं, आईच्या खोलीची खिडकी उघडता येईल का? 'उघडत नाही मॅडम, फिक्स आहे.' 'का?' 'डास येतात, एसीचं बिल वाढतं, आणि एलिव्हेशन खराब दिसतं.' एलिव्हेशन म्हणजे बाहेरून इमारत कशी दिसते ते. एफसी रोडवरच्या शोरूमचं ठीक आहे हो!

न्यू जर्सीहून दादाने ऑनलाइन एअर प्युरिफायर पाठवला, हेपा फिल्टरवाला. इन्फेक्शन कंट्रोलच्या त्या बाईंना विचारून लावला. त्यांनी आनंदाने परवानगी दिली. म्हणाल्या, 'मास्क लावा, तो जास्त उपयोगी आहे. आणि पेशंटला आणि स्वतःला दरवर्षी फ्लूची लस.' मी पस्तिशीत एकदाही घेतलेली नाही. आईला घ्यायची डॉक्टरांनी दोनदा सांगितलं होतं, आम्ही 'बघू' म्हटलं होतं.

मग फॅमिली ग्रुपवर मेसेज टाकला, कोणीही भेटायला येऊ नका. काय तो गहजब! काकू म्हणाली, 'आम्ही काय परके?' आत्याने आईला फोन लावला, 'पोरगी फार शिकली तुझी.' आणि आई, नाकात ऑक्सिजनची नळी, मला म्हणाली, 'अगं, उद्या आपल्याला खांदा द्यायला कोण येणार? माणसं तोडू नकोस.' मी म्हटलं, आई, व्हिडिओ कॉल कर ना. ती भिंतीकडे वळली. तिचंही बरोबर आहे. मंगळवारच्या त्या गर्दीत ती किती खूश होती, ऑपरेशननंतर पहिल्यांदा हसली होती, ते मी पाहिलंय. बंद खोलीत चार दिवस मास्कमधल्या माणसांकडे बघत पडायचं म्हणजे काय, हे मला कोणी मोजून सांगितलेलं नाही.

आई नवव्या दिवशी घरी आली. गुडघा वाकवायचे पहिले महत्त्वाचे दिवस तापात गेले, त्यामुळे फिजिओथेरपीवाली रोज तिला रडवतेय. परवा नव्वद अंशांपर्यंत वाकला.

डिस्चार्जच्या दिवशी लिफ्टमध्ये आजींची मुलगी भेटली. आयसीयूच्या बाहेर बसून बसून डोळे सुजलेले. मी गेल्या आठवड्यात तिला दोनदा घरची खिचडी दिली होती, त्याचे आभार मानायला लागली. मग म्हणाली, 'तुम्ही तर एवढं सगळं पुसत होता हो. कुठून आलं असेल?' चौथा, तिसरा, दुसरा. मी म्हटलं, 'हॉस्पिटल आहे, काय सांगणार.' लिफ्ट उघडली.

माझी कोणी टेस्ट केली नाही. कदाचित मामा असेल. त्याचा खोकला मात्र वीस वर्षं जुना आहे आणि सिगरेटचा आहे. पहिले तीन दिवस त्या पडद्याच्या दोन्ही बाजूंना सगळ्यात जास्त तास बसलेली, रात्री झोपलेली आणि रिमोट पुसता पुसता सगळ्यांशी गप्पा मारणारी मीच होते. बिनामास्कची.

काल रात्री तिचा मेसेज आला. आजी आयसीयूतून बाहेर आल्या, अशक्तपणा खूप आहे, पण परवा घरी सोडणार. खाली विचारलंय, 'आईंचा गुडघा कसा?' मी 'छान' लिहिलं, पुढचं दोनदा लिहून खोडलं. पण पहिल्या दिवशी पडदा बाजूला केला तेव्हा तिच्या मांडीवर हाच अंक होता, आणि ती म्हणाली होती, 'या पानावर लिहिता त्या तुम्हीच ना? मी दर आठवड्याला वाचते.' म्हणून इथे लिहितेय. ताई, त्या रविवारी माझा घसा खवखवत होता.